आय-140 चा अर्ज आणि शाळा सोडल्याचा दाखला

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या ऑनलाइन अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून लेखी रूप दिलं आहे.)



नागपूर, हैदराबाद, दिल्ली, बंगळूर अशा ठिकाणांहून तुम्ही रात्री जागून बसला आहात, आणि काही जण इकडे अमेरिकेत एम. एस. करता करता ऐकत आहात. आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मला एका फॉर्मवर बोलायचं आहे. ते थोडा वेळ गप्पच झाले. आपल्या सभांमध्ये संविधानावर बोलतात, आरक्षणावर बोलतात, फॉर्मवर कोण बोलतं? पण ज्या घरातला काका, मामा, आत्येभाऊ आधीच अमेरिकेत आहे, त्या घरात ही माहिती जेवता जेवता मिळते. आपल्याला ती वकिलाच्या ईमेलमधून मिळते, तीही बहुतेक वेळा उशिरा. म्हणून आज फॉर्म.

मी वकील नाही. नियम, फी, फॉर्मची आवृत्ती हे सारखं बदलत असतं, ते अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या, संकेतस्थळावर त्या दिवशीचं पाहूनच करायचं. मी सांगणार आहे ते एका लाभार्थ्याच्या बाजूने.

लाभार्थी हा शब्द मुद्दाम वापरला. नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळवण्यासाठी जो अर्ज भरतात, त्याचं नाव फॉर्म आय-140. त्याच्या पहिल्या भागात अर्जदाराची माहिती विचारतात. मी तिथे सरळ माझं नाव लिहिलं. वकिलाच्या ऑफिसातून फोन आला, “मॅडम, तुम्ही पिटिशनर नाही, बेनिफिशियरी आहात.” अर्जदार कंपनी, मी लाभार्थी. हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी लागायची. आबांचं नाव आलंय का, हे मी वाचून सांगायचे, कारण घरात वाचता येणारी मी एकटीच होते. तीस वर्षांनी न्यू जर्सीत बसून पुन्हा तोच शब्द माझ्या वाट्याला आला.

तर पहिली गोष्ट ही, की हा अर्ज कायद्याने कंपनीचा असतो. सही कंपनीची, पत्रव्यवहार कंपनीच्या किंवा तिच्या वकिलाच्या पत्त्यावर, आणि मागे घ्यायचा अधिकारही कंपनीचा. अपवाद दोन. असामान्य गुणवत्तेचा ईबी-1 मधला प्रकार, आणि ईबी-2 मधली राष्ट्रहिताची सूट. या दोन्हींत माणूस स्वतःसाठी स्वतः अर्ज करू शकतो. तुमच्यापैकी जे पीएचडी करत आहेत त्यांनी हे लिहून ठेवा, कारण प्रयोगशाळेत सहसा हे कुणी सांगत नाही.

बाकीच्यांची वाट तीन टप्प्यांची. आधी कंपनी कामगार खात्याकडे लेबर सर्टिफिकेशन मागते, त्याला बोलीभाषेत पर्म म्हणतात. त्यात नोकरीची जाहिरात द्यायची, रविवारच्या वर्तमानपत्रांत दोनदा छापायची, आणि या कामासाठी पात्र आणि तयार असा अमेरिकन कामगार मिळाला नाही हे दाखवायचं. ते मंजूर झालं की आय-140. आणि रांगेत नंबर आला की शेवटचा टप्पा, प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज. पर्मचा खर्च, वकिलाच्या फीसकट, कंपनीनेच करायचा असा 2007 पासून नियम आहे. “नंतर पगारातून कापून घेऊ” असं कुणी म्हणालं तर ते बेकायदेशीर आहे. आपल्यातल्या अनेकांनी हे पैसे उपकाराची फेड म्हणून भरलेत.

आता कागदांकडे येऊ. मला कागद गोळा करायची भीती कधी वाटली नाही, आणि तुम्हालाही वाटू नये. ज्यांनी महाराष्ट्रात जात पडताळणी केली आहे, त्यांना 10 ऑगस्ट 1950 ही तारीख पाठ असते. त्या तारखेआधीचा पुरावा हवा, म्हणून आम्ही आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर शोधलं. आजोबा शाळेतच गेले नव्हते. शेवटी चुलत आजोबांची दुसरीतली नोंद सापडली आणि वंशावळ जोडली. भटक्या-विमुक्तांना 1961, ओबीसींना 1967. ज्या समाजाला आपण कोण आहोत हे पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदाने सिद्ध करावं लागतं, त्याला आय-140 अवघड नाही. अवघड आहे ते वेगळंच. तिकडे जात कागदावर दिसावी म्हणून धडपड, आणि इकडे तोच कागद पुढे करताना हात थांबतो. त्याकडे मी येणार आहे. आधी पदवी.

आपल्यातल्या पुष्कळांची पदवी तीन वर्षांची. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. अमेरिकेची पदवी चार वर्षांची, आणि स्थलांतर खातं सहसा एकट्या तीन वर्षांच्या पदवीला तिच्या बरोबरीची धरत नाही. ईबी-2 साठी पदव्युत्तर पदवी लागते, किंवा चार वर्षांच्या बरोबरीची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव. माझी बी. एस्सी. तीन वर्षांची होती, पण पुढे एम. सी. ए. तीन वर्षांचं केलं होतं, म्हणून निभावलं. माझ्या एका मित्राचं निभावलं नाही. त्याची बी. एस्सी. आणि खासगी संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा. कंपनीने ईबी-2 मध्ये अर्ज घातला. पर्म मंजूर झालं, कारण कामगार खातं पदवीची अशी तपासणी करत बसत नाही. आय-140 मात्र नामंजूर. तोवर पर्मची मुदत संपलेली, त्यामुळे पुन्हा जाहिरात, पुन्हा पर्म, आणि रांगेतली तारीख नवी. तो अर्ज ईबी-3 मधल्या कुशल कामगाराच्या प्रकारात, दोन वर्षांच्या अनुभवावर, आधीच घालता आला असता.

म्हणून पर्म दाखल होण्याआधी विचारायचं: माझ्या पदवीचं मूल्यमापन झालंय का? जाहिरातीत नेमकी कोणती पात्रता लिहिली आहे? कारण आय-140 त्याच शब्दांवर तपासला जातो, आणि ती सगळी पात्रता पर्म दाखल झालेल्या दिवशी तुमच्याकडे असावी लागते. नंतर मिळवलेली पदवी धरत नाहीत. हा प्रश्न विचारताना लाज वाटू देऊ नका. तीन वर्षांचं कॉलेज हे तालुक्याच्या गावात उपलब्ध होतं म्हणून आपण ते केलं.

दुसरा कागद अनुभवाचा. ज्या कंपनीने अर्ज घातला तिच्यातच घेतलेला अनुभव सहसा मोजत नाहीत. त्यामुळे सगळी मदार जुन्या नोकरीच्या पत्रावर. पत्रात लिहिणाऱ्याचं नाव, पत्ता, हुद्दा आणि तुम्ही नेमकं काय काम केलं याचं वर्णन हवं. “अमुक ते अमुक काळात आमच्याकडे होत्या, वर्तणूक चांगली” एवढ्यावर भागत नाही. माझी पुण्यातली पहिली कंपनी तोवर बंद पडली होती. मग तिथल्या टीम लीडकडून प्रतिज्ञापत्र घेतलं, आणि नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म 16 जोडले. पत्र मिळत नसेल तर असा दुय्यम पुरावा चालू शकतो, पण तो तुमच्याकडे असायला हवा. आज पहिली नोकरी सोडणारे जे इथे असतील, त्यांनी शेवटच्या आठवड्यात कामाच्या वर्णनासकट पत्र मागून घ्या. मॅनेजरशी बोलणं सुरू असतानाच.

तिसरी गोष्ट, नाव. माझं दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि गावावरून पडलेलं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. आंध्र-तमिळनाडूकडच्या आणि उत्तरेतल्या काही मित्रांना आडनावच नाही. आडनावाने जात कळते म्हणून त्यांच्या वडिलांनी ते टाकून दिलं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असला की अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी “एफएनयू” छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. जात नको म्हणून आडनाव टाकलेल्या माणसाचं इथे नावच अज्ञात होतं! उपाय एवढाच, की आजवर वापरलेली सगळी नावं फॉर्ममध्ये लिहायची, आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जपायची.

आणि आता पत्ता. आय-140 मध्ये तुमचा परदेशातला, म्हणजे आपल्या देशातला, पत्ता विचारतात. पुढे असंही विचारतात, की तुमची लिपी रोमन नसेल तर नाव आणि पत्ता आपल्या लिपीत लिहा. अमेरिकेच्या सरकारी फॉर्मवर देवनागरीत लिहायला मिळणार म्हणून मी हरखले. नाव लिहिलं. मग पत्ता: बौद्धवाडा, मुक्काम पोस्ट... आणि हात थांबला.

आमची कंपनी छोटी होती. मालक भारतीय, फॉर्मवर सही त्याची. डबे एकत्र खायचो. तीन वर्षं मी “मराठवाड्यातली” एवढीच होते. माझ्या जातीचा रकाना या फॉर्ममध्ये कुठेच नाही, अमेरिकन सरकारला तिच्याशी घेणंदेणं नाही. पण पत्ता बोलतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तोवर कित्येकांच्या पासपोर्टवर ती छापली गेली होती.

त्या रात्री मला बाबासाहेबांची बडोद्याची गोष्ट आठवली. 1917 साली ते परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या सरायीत त्यांना वहीत पारशी नाव लिहून राहावं लागलं, आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांनी हे ज्या लेखनात सांगितलं आहे, त्याचं शीर्षकच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आहे. मला वाटलं, त्यांना खोटं नाव लिहावं लागलं, मला खरा पत्ता लिहिता येतोय. मी तो लिहिला. भावनेची गोष्ट बाजूला ठेवली तरी कायदा सांगतो, की महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिली तर कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. फॉर्मवर खोटं लिहायचं नाही, हे पक्कं.

मालकाने फॉर्म वाचला. विचारलं, “हा वाडा म्हणजे देशमुखांचा असतो तसा का?” मी म्हटलं, “नाही, आमची वस्ती.” तो “अच्छा” म्हणाला. एवढंच.

त्यानंतर फॉर्म त्याच्या टेबलावर पडून राहिला. आधी आठवडा, मग महिना. विचारलं की “बघतो”. मला तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती. पर्म मंजूर झालं की 180 दिवसांच्या आत आय-140 दाखल करावा लागतो, नाहीतर ते पर्म रद्दबातल. हे मला कळलं तेव्हा 150 दिवस उलटले होते. फ्रिजवर कॅलेंडर लावून मी रोज एक दिवस खोडायचे. शेवटी ईमेल लिहिला. त्यात मंजुरीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख घातली, आणि वकिलाला प्रत लावली. विनवणीचा एक शब्द घातला नाही. 171 व्या दिवशी सही झाली, 176 व्या दिवशी अर्ज दाखल झाला.

हे जातीमुळे झालं का? मी सिद्ध करू शकत नाही. त्याच काळात त्याच्याच ओळखीतल्या एका मुलाचा फॉर्म चार दिवसांत सही होऊन गेला, एवढंच मला माहीत आहे. हेच आपल्यापुढचं खरं संकट आहे. ज्याच्या सहीवर तुमची इथली वर्षं अवलंबून आहेत, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? नोकरी गेली तर एच-1बी वाल्याला जास्तीत जास्त 60 दिवसांची सवड मिळते. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातभेदाचा खटला भरला, तेव्हा कुठे हा विषय इथे उघडपणे बोलला जाऊ लागला. 2023 मध्ये त्यातल्या दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेतला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातभेदाला बंदी केली आणि ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने तसंच विधेयक नाकारलं. कायद्याची लढाई चालू राहील. तोवर आपल्या हातात काय आहे?

एक म्हणजे दुसरे 180 दिवस. आय-140 मंजूर होऊन 180 दिवस झाले, की त्यानंतर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी केवळ त्या कारणाने मंजुरी रद्द होत नाही. तुमची रांगेतली तारीख टिकते, आणि त्या मंजुरीवर एच-1बी सहा वर्षांपुढे वाढवता येतो. नवी कंपनी नवं पर्म, नवा आय-140 करेल, पण रांगेत जागा जुनीच. 180 दिवसांच्या आत मागे घेतला तर तारीख सहसा राहते, पण त्या मंजुरीवर एच-1बी वाढत नाही. म्हणून भांडायचं की सोडायचं, याचा निर्णय घेताना हा दिवस मोजा. मी 190 व्या दिवशी राजीनामा दिला.

दुसरं म्हणजे प्रत. मंजुरीची नोटीस कंपनीला किंवा वकिलाला जाते, पण निदान पावती क्रमांक तरी मागून घ्या. त्यावरून अर्जाची स्थिती ऑनलाइन दिसते. प्रत दिलीच नाही, तर आपल्याकडे जसा माहितीचा अधिकार, तसा अमेरिकेत 1966 पासून कायदा आहे. त्याखाली स्वतःच्या फाइलची प्रत यूएससीआयएसकडे मागता येते.

तिसरं, तो शाळा सोडल्याचा दाखला. आय-140 ला जन्माचा पुरावा लागत नाही, तो शेवटच्या टप्प्याला लागतो. आपल्यातल्या अनेकांचा जन्म घरी झाला, नोंद झालीच नाही. मग लोक दाखला पुढे करतात. त्यावर जात लिहिलेली असते. आणि नियम असा, की मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर संपूर्ण असावं, तसं भाषांतरकाराने प्रमाणित करावं. म्हणजे जातीचा रकाना गाळता येत नाही. माझी सूचना अशी, की आत्ताच, देशात असताना, जन्माची नोंद करून घ्या. वर्ष उलटून गेलं असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्याच्या आदेशाने उशिराची नोंद होते. उशिरा नोंद झालेल्या दाखल्यासोबत जुना पुरावाही मागतात, तिथे दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आणि आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं उपयोगी पडतात. आणि वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा, “माझी खासगी कागदपत्रं मॅनेजरकडे न देता थेट तुमच्याकडे पाठवू का?” वकील बहुतेक वेळा कंपनीने नेमलेला असतो, कंपनीचंही काम पाहतो, हे ध्यानात ठेवूनच त्याच्याशी बोला.

मी जात लपवा असं सांगत नाही. कुणाला, कधी, कुठल्या कागदातून सांगायची हे तुम्ही ठरवा, झेरॉक्सने ठरवू नये.

शेवटची गोष्ट. फॉर्मच्या एका भागात जोडीदार आणि सगळ्या मुलांची नावं लिहायची असतात. कुणालाही गाळू नका. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे पर्म दाखल झाल्याची तारीख, जानेवारी 2015 ची. नोकरीच्या आधाराची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण सात टक्केच. भारतीयांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षांची. नागरिकत्व बदललं तरी फरक नाही, जन्माचा देश मोजतात. माझी मुलगी 2010 ची. 21 पूर्ण होण्याआधी नंबर आला नाही, तर ती माझ्या अर्जातून बाहेर पडेल. आय-140 जितके दिवस खात्यात प्रलंबित होता, तितके दिवस तिच्या वयातून वजा होतात, म्हणून त्या पावतीवरची आणि मंजुरीवरची तारीख मी जपून ठेवली आहे. माझ्या आईने माझं रेशन कार्ड जपलं होतं तसंच.

परवा मुलीने तो फॉर्म पाहिला. देवनागरीतला पत्ता तिने अक्षर लावत वाचला आणि विचारलं, “बौद्धवाडा म्हणजे काय?” मी तिला सगळं सांगितलं. आबांची घरकुलाची यादीही सांगितली. तिने विचारलं, “मग आलं का नाव?”

आलं होतं, सातव्या वर्षी.

आता प्रश्न विचारा. कुणाच्या फाइलमध्ये काय अडलं आहे ते मोकळेपणी सांगा, इथे कुठलाच प्रश्न अडाणी नाही. आणि आज जे कळलं ते मागून येणाऱ्या एकाला तरी सांगा.

जय भीम.